केळीला विमा आहे, छपराला नाही

मुरबाड तालुक्यातली धसई बाहेरच्यांना ठाऊक आहे ती एका बातमीमुळे. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी जाहीर झाली आणि 1 डिसेंबरला धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं 'कॅशलेस गाव' म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार येऊन गेले, वडापावच्या गाडीपासून किराणा दुकानापर्यंत कार्ड घासायची यंत्रं आली, टीव्हीवाल्यांनी कॅमेरे लावले. पुढे रोख परत आलीच. यायचीच होती, तिचं मला काही वाटत नाही. एवढा मोठा प्रकाशझोत गावावर पडला, तेव्हा एकाही कॅमेऱ्याने मान वर करून गावाची छपरं पाहिली नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

बघा, आपल्या खेड्यात विमा पोचलाच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. माणसाचा विमा आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 2015 पासून वर्षाला 12 रुपये खात्यातून कापले जायचे, 2022 पासून 20 कापले जातात. अपघाती मृत्यूला दोन लाख. पिकाचा विमा आहे. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं तर तो राज्याने एक रुपयात दिला, मग 2025 मध्ये बंद केला. गाईला विमा मिळतो, तिच्या कानात बिल्ला मारून. मोटारसायकलचा विमा तर कायद्यानेच सक्तीचा. आणि ज्या छपराखाली हा माणूस, ही गाय, हे भात आणि ही मोटारसायकल रात्री एकत्र निजतात, त्या छपराचा विमा? तो कुणी विचारलाच नाही. बँकेने विचारला नाही, कारण त्या घरावर कर्ज नाही. घरावर कर्ज असतं तर बँकेने आधी विमा उतरवून घेतला असता, आणि तोही स्वतःच्या पैशाच्या काळजीने. सरकारने विचारला नाही, कारण सरकारकडे पंचनामा आहे.

त्या पंचनाम्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

आधी वाऱ्याबद्दल दोन शब्द. मुंबई-पुण्याच्या माणसाला वादळ म्हटलं की नाव असलेलं वादळ आठवतं. 3 जून 2020 चं निसर्ग, मे 2021 चं तौक्ते. निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ताशी 100 ते 110 किलोमीटरचा वारा होता, झोत 120 पर्यंत. त्या वादळाची आधी दोन दिवस चर्चा होती, नकाशे होते, शाळांत माणसं हलवली होती. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत छपरं उडतात ती बहुतेक वेळा बिननावाच्या वाऱ्याने. वैशाखातली दुपार, अंगाची काहिली, पूर्वेला घाटमाथ्यावर काळं भरून येतं, पाचच्या सुमाराला पानही हलेनासं होतं, आणि मग वळवाचा पहिला दणका. दहा मिनिटं, फार तर पंधरा. त्यात जे जायचं ते जातं. शेजारच्या वाडीत कौलही सरकत नाही आणि इकडे अख्खं पाखं उचलून शेतात.

आता गंमत पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे निकष केंद्राने 2022 मध्ये ठरवून दिले, त्यांच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे, पूर आणि भूकंप आहेत, त्सुनामीसुद्धा आहे. नुसत्या वाऱ्याला तिथे जागा नाही. महाराष्ट्राने 2014 मध्ये अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग या आपत्ती आपल्या बाजूने जोडल्या. म्हणजे वाऱ्याने छप्पर उडालं तरी त्याला पावसाचं बोट धरूनच कचेरीत जावं लागतं. कागदावर 'वादळी वारा व अवेळी पाऊस' असं जोडनाव असतं ते त्यामुळे. पाऊस चार थेंब पडला तर बरं, नाहीतर भांडण.

बरं, नुकसान मान्य झालं असं धरू. किती मिळतं? त्याच निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500. कच्च्या घराला 4,000. झोपडीला 8,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. आणि अंशतः म्हणजे किमान 15 टक्के तरी पडायला हवं. हे आकडे दोनदा वाचा. एक लाख वीस हजार आणि चार हजार, यांच्या मधे काहीच नाही. मधे आहे ती फक्त भिंत. भिंत उभी राहिली की घर उभं राहिलं, असं हा निकष मानतो.

हा निकष कोरड्या मुलखात बसून लिहिला असावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत भिंत हा घराचा दुय्यम भाग असतो. कारवीचा कूड, वर शेणमातीचं लिंपण, अशी भिंत पिढ्यान् पिढ्या टिकते, कारण तिच्यावर छप्पर असतं आणि पुढे आलेली पडवी तिला झड लागू देत नाही. छप्पर काढा, पंधरा दिवसांत ती भिंत अंगणात वाहून येते. मग ते घर पूर्ण पडलेलं असतं. पण पंचनामा तर मे महिन्यातच झालेला असतो, आणि त्यात लिहिलेलं असतं 'अंशतः'.

हे मी ऐकीव सांगत नाही. धसईच्या पलीकडे एका वाडीत माझी मावशी राहते. मागे एका वैशाखात तिच्या घराच्या चोवीस सिमेंटच्या पत्र्यांपैकी अकरा गेले. काही उडाले, काही जागच्या जागी फुटले. चौथ्या दिवशी तलाठी आले. (2024 पासून त्यांचं पद 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे. वाडीत अजून कुणी तसं म्हणत नाही.) माणूस चांगला होता. उन्हात चालत आला होता, त्याच्याकडे सात-आठ गावांचे पंचनामे होते. त्याने फोटो काढला, चौकटीत माहिती भरली. मावशीने विचारलं, "साहेब, हे अर्धं घर गेलं, मग पंधरा टक्के कसं?" तो म्हणाला, "मावशी, अर्धं छप्पर गेलं. घर उभं आहे ना. मला जी चौकट दिलीय त्यात मी लिहितो." आणि खरं होतं त्याचं. त्याच्या चौकटीत छप्पर नावाचा रकानाच नव्हता. घर होतं, त्याची टक्केवारी होती. ती टक्केवारी कशी मोजायची, क्षेत्रफळाने की खर्चाने की नजरेने, हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

मावशीने मदतीची वाट पाहिली नाही. पाहणार कशी? मुंबईची पावसाची सरासरी तारीख 11 जून, मुरबाडला तो त्याच सुमाराला येतो. हाताशी पंधरा-वीस दिवस. तिने बचतगटातून पैसे उचलले, पत्रे आणले, टेम्पोचं भाडं वेगळं, गवंड्याची मजुरी वेगळी. सरकारी रक्कम खात्यात आली तेव्हा भाताची लावणी उरकली होती. चार हजारांत किती पत्रे येतात हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी मुरबाडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात विचारावं. आणि वादळानंतरच्या आठवड्यात विचारावं, म्हणजे खरा भाव कळेल. निसर्गनंतर रायगडात पत्रे मिळत नव्हते आणि मिळत होते ते चढ्या दराने, हे त्या वेळचे सगळे लोक सांगतील.

राज्य सरकारला हे कळत नाही असं नाही. निसर्गनंतर पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख दिले गेले. जुलै 2021 च्या महापुरानंतर तर पायऱ्या केल्या: 15 टक्के नुकसानीला 15 हजार, 25 टक्क्यांना 25 हजार, 50 टक्क्यांना 50 हजार. म्हणजे मधली पोकळी सरकारलाही दिसली होती! पण ती दिसली मोठ्या आपत्तीत, टीव्हीवर दिसणाऱ्या आपत्तीत, खास शासन निर्णय काढून. बिननावाच्या वाऱ्यासाठी कोण शासन निर्णय काढणार? तिथे पुन्हा आपले चार हजार.

आणखी एक अट आहे, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. नुकसान झालेलं घर 'अधिकृत बांधकाम' असलं पाहिजे, सक्षम अधिकाऱ्याने तसं प्रमाणित केलेलं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर ज्याचं नाव आहे त्याला हे सोपं. पण मुरबाड-शहापुरातल्या कातकरी वाड्या कुणाच्या जमिनीवर उभ्या आहेत ते जरा पाहून या. कुणी मालकाच्या शेताच्या बांधावर, कुणी वनखात्याच्या हद्दीत, कुणी तीन पिढ्या एका जागी राहूनही कागदावर कुठेच नाही. जिथे छप्पर सर्वांत कच्चं, तिथेच मदतीचा कागद सर्वांत कच्चा. अलीकडे जनमन योजनेतून कातकऱ्यांना घरांसाठी दोन लाख मिळू लागले, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याच्या पायाखाली जमिनीचा कागद नाही त्याचं घरकुलही अडतं आणि भरपाईही अडते.

"मग खाजगी विमा घ्यावा की!" असं शहरातले माझे मित्र लगेच म्हणतात. घ्यावा ना. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी विकायला लावली आहे. त्यात वादळ, पूर, भूस्खलन, आग सगळं येतं. आणि खरं सांगायचं तर ती पॉलिसी सरकारी निकषांपेक्षा शहाणी आहे. तिला वाऱ्याचं नाव लागत नाही, भिंत उभी आहे की पडली याचंही तिला सोयरसुतक नाही. जेवढं मोडलं तेवढं पुन्हा बांधायचा खर्च, असा तिचा सरळ हिशोब.

मग अडतं कुठे? एक तर ती धसईपर्यंत येतच नाही. पन्नास खात्यांचे 20 रुपये कापणं बँकेच्या संगणकाला जमतं. एका वाडीतल्या घराचं क्षेत्रफळ विचारून पॉलिसी लिहिणं कुणाला परवडत नाही, कारण हप्ता इतका लहान की एजंटाच्या पेट्रोलचाही खर्च निघू नये. दुसरं, गवत, बांबू, ताडपत्री, प्लास्टिक असलं काही भिंतीत किंवा छपरात असेल तर विम्याच्या भाषेत ते 'कच्चं बांधकाम', आणि तिथे कंपनी हात आखडते. तिसरी गोष्ट सर्वांत चिवट. जीर्ण झाल्यामुळे, गंजल्यामुळे, देखभाल न केल्यामुळे झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. ही अट वाजवी आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण छप्पर उडाल्यावर ते वाऱ्याने उडालं की गंजलेल्या हुकामुळे उडालं, हे ठरवणार कोण? सर्वेअर. तो येणार कल्याणहून किंवा ठाण्याहून. तो येईपर्यंत मोडलेलं तसंच ठेवायचं, नाहीतर पुरावा गेला. आणि तसंच ठेवलं तर घर गेलं. मावशीसारख्या बाईने यातलं काय करायचं?

(ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: हात लावायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, फुटलेले पत्रे फेकू नका, हूक डब्यात ठेवा, आणि कंपनीला कळवल्याचा पुरावा जपा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही, फी नाही, आणि 2023 पासून 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात.)

खरा मुद्दा हा की छपराची तपासणी वादळानंतर होते. सरकारचा माणूस नंतर येतो, कंपनीचा माणूस नंतर येतो. आधी कोण येतं? पूर्वी यायचं. शाकारणी हा शब्द आता किती जणांना ठाऊक आहे कुणास ठाऊक. वैशाखात प्रत्येक घराचं छप्पर उतरवून, निदान चाळून, पुन्हा बसवलं जायचं. नळीची कौलं एकेक उचलायची, फुटकी बाजूला काढायची, वासे ठोकून बघायचे, वाळवी लागलेली रीप बदलायची, आढ्यावरचा चुना-माती नवी करायची. सगळी वाडी एकमेकांच्या घरी हात द्यायची. ती छपराची वार्षिक तपासणीच होती, कोणत्याही इंजिनिअरच्या फॉर्मपेक्षा बारीक. मंगलोरी कौलं आली तशी ती कमी झाली, आणि पत्रे आले तशी संपली. पत्रा चाळावा लागत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

पत्र्याचं वैर वाऱ्याशी कसं असतं ते समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. वारा छपराला ढकलत नाही, तो त्याला वर ओढतो. उतरत्या छपरावरून वेगाने जाताना वर खेच निर्माण होते, आणि उघड्या पडवीतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. ही खेच सर्वांत जास्त असते कडेला आणि कोपऱ्यांवर. इंजिनिअर ज्या मानकावरून हिशोब करतात, भारतीय मानक 875 चा तिसरा भाग, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर, आणि कडा-कोपऱ्यांसाठी वेगळा, जास्तीचा भार धरायला सांगितलेला आहे. आपला गवंडी मात्र मधे जितक्या अंतरावर हूक मारतो तितक्याच अंतरावर कडेला मारतो. खर्च वाचवायचा तर पहिला हूक वाचवतो. वॉशर सुकून तडकतो, भोक मोठं होतं, हूक गंजतो, आणि पहिला कोपरा सुटला की बाकीचे पत्रे पत्त्यांसारखे जातात. मग आपण पत्र्यावर दगड ठेवतो, जुने टायर ठेवतो, रेतीची पोती ठेवतो. कडेचे हूक दुपटीने मारणं आणि दर मे महिन्यात वर चढून वॉशर बदलणं, याला एका पत्र्याइतकासुद्धा खर्च येत नसेल. दगड मात्र फुकट असतो, आणि तो रात्री अंथरुणावर पडतो.

आता केळीकडे येतो. जळगावच्या केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात थंडी आहे, उष्णता आहे, आणि वेगाचा वारासुद्धा आहे. ठरावीक वेगाच्या वर वारा गेला असं हवामान केंद्राने नोंदवलं की भरपाई देय होते. महसूल मंडळापर्यंत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवायचा महावेध प्रकल्प राज्याने 2017 मध्ये सुरू केला, तो मुख्यतः अशाच कामासाठी. यंत्रं आहेत, आकडे येतात, वाऱ्याचा वेग नोंदला जातो. मग ज्या यंत्राच्या शब्दावर केळीच्या बागेला पैसे मिळतात, त्याच यंत्राच्या शब्दावर मंडळातल्या घरकुलांना का मिळू नयेत? वारा अमुक वेगाच्या वर गेला की त्या मंडळातल्या प्रत्येक विमाधारक घराला ठरलेली रक्कम आठ दिवसांत. मग तलाठ्याची टक्केवारी नको, सर्वेअरची वाट पाहणं नको, फुटके पत्रे अंगणात मांडून बसणं नको. नागालँडसारख्या छोट्या राज्याने 2021 मध्ये आपत्तीसाठी असा आकड्यावर चालणारा विमा उतरवून पाहिला आणि 2024 मध्ये पुन्हा नव्याने करार केला. तिथे पैसे राज्याकडे येतात, मग राज्य वाटतं. आपण थेट घराला देऊ शकतो, खाती तर आहेतच. धसईत तर कार्डंसुद्धा होती!

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, वळवाचा झोत इतका लहान असतो की पाच-दहा किलोमीटरवरच्या यंत्राला तो दिसणारच नाही. हा आक्षेप खरा आहे. केळीवाल्यांचीही हीच तक्रार असते. म्हणून नुसत्या यंत्रावर भागणार नाही. वेग कमी भरला तर फोटोवरून दावा करायची दुसरी वाट ठेवावीच लागेल. दुसरा आक्षेप मला जास्त ऐकवला जातो: सरकारने किती म्हणून करायचं, लोकांना फुकटाची सवय लागते. अहो, घरकुलाला सरकार 1 लाख 20 हजार देतं. ते घर पूर्ण पडलं तर निकषाप्रमाणे पुन्हा तेवढेच देतं. एकाच घराला दोनदा पैसे द्यायची तयारी आहे, पण पहिल्या लाखातले शे-दोनशे रुपये विम्याच्या हप्त्याला आणि चार जास्तीच्या हुकांना बाजूला काढायची नाही. याला काटकसर म्हणायचं?

माझी मागणी मोठी नाही. पंचनाम्याच्या नमुन्यात छप्पर हा वेगळा रकाना हवा, आणि त्याची भरपाई पत्र्यांच्या नि कौलांच्या संख्येवर, चालू बाजारभावाने. कागद नसलेल्या वाडीला निदान छपरापुरती तरी अधिकृत बांधकामाची अट शिथिल हवी. पावसात भिजणाऱ्या पोराला सातबारा विचारू नये. तालुक्यातल्या सगळ्या घरकुलांचा एकगठ्ठा विमा हवा, हप्ता घरकुलाच्या रकमेतूनच. आणि दर वर्षी 1 मे ला, महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत, गावातल्या छपरांची यादी वाचली जावी: कुणाचे हूक गेलेत, कुणाचा वासा वाळवीने खाल्लाय, कुणाच्या पत्र्यावर दगड आहेत. त्यानंतर पावसाला चाळीस दिवस असतात. शिडी, पाना आणि वॉशरची पिशवी घेऊन दोन गवंडी त्यात पुरी धसई फिरून येतील.